बाटलीवरची पट्टी

"अहो, आठ वाजले! साहेबाला आणताय की मी येऊ तिकडे?"

"आणतो गं. दोन मिनिटं. आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

"त्याचा लागलाय, जंतूंचा नाही लागलेला. उठवा."

आमचे हे कुरकुरतच आले. दोन्ही हातांवर साहेब, आणि साहेबाचं डोकं ह्यांच्या खांद्यावर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी जुनी चादर पसरून ठेवलीच होती. ट्रे तयार होता. ट्रेमध्ये गुलाबी औषधाची बाटली, बिनसुईची पिचकारी, गोळी आणि ओलं फडकं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून एक मिनिट झालं होतं आणि तेवढ्यानेच माझं डोकं तापलं होतं. चौतीस वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत मी, त्यातली एकोणीस वॉर्डाची मुख्य सिस्टर म्हणून. आठचं औषध म्हणजे आठचं औषध. सव्वाआठला दिलेल्या औषधाला मी औषध म्हणतच नाही.

साहेब म्हणजे आमचा कुत्रा. ह्यांनी छत्तीस वर्षं एका ऑफिसात आवक-जावक टपाल सांभाळलं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला साहेब म्हणायचं आणि खुर्चीतून उठायचं, ही सवय. निवृत्त झाले त्या दिवशी सत्कारात मिळालेलं हे भिंतीवरचं घड्याळ त्यांनी माझ्या हातात दिलं, आणि मग कोटाच्या आतून एक पिल्लू काढलं. मुठीएवढं, पिवळट, एक कान उभा आणि एक पडलेला. सायकलस्टँडच्या मागे सापडलं म्हणे.

"ह्याचं नाव साहेब," हे म्हणाले. "आयुष्यभर साहेब आला की मी उभा राहिलो. आता मी म्हणणार, साहेब, बस. आणि साहेब बसणार."

मी कपाळावर हात मारून घेतला होता. पण खरं सांगते, महिनाभरात साहेब बसायला शिकला, आणि ह्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते आमच्या लग्नातसुद्धा दिसलं नव्हतं. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे "साहेब जेवले का", "साहेब रुसलेत", "साहेबांची फाइल कुठे ठेवलीस" असलं सगळं अकरा वर्षं आमच्या घरात चालायचं. साहेबांची फाइल म्हणजे त्याच्या लसींचं कार्ड.

तर तो साहेब आता टेबलावर आडवा पडला होता आणि त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"धरा," मी म्हटलं.

ह्यांनी मागून धरलं. मी पिचकारीत गुलाबी औषध ओढलं, गोळी त्यात चांगली घोळवली आणि डाव्या हाताने साहेबाचा जबडा उघडून जिभेच्या मुळाशी ठेवली. मागोमाग उरलेलं औषध सोडलं. तोंड मिटलं, गळा चोळला. गटकन आवाज आला. ही माझी युक्ती. कोरडी गोळी कुत्रा थुंकतो, पण त्या घट्ट औषधात घोळवली की घसरत जाते. दोन्ही औषधं एका फटक्यात, एकही थेंब बाहेर नाही. दवाखान्यातल्या कंपाउंडरला मी ही युक्ती सांगितली तेव्हा तो म्हणाला होता, "सिस्टर, तुम्ही आमच्याकडे नोकरी का नाही करत?" मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

गुलाबी औषध जुनं होतं. दीड महिन्यापूर्वी साहेबाला उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी ते दिलं. पोटात जखम झाली असेल, ह्याने आतून अस्तर लागल्यासारखं होतं, म्हणाले. सकाळ-संध्याकाळ. उलट्या थांबल्या. पण तो जरा सावरतोय तोच त्याला ताप भरला आणि लघवीतून रक्त आलं. तोवर मोठे डॉक्टर स्वतःच गुडघ्याच्या ऑपरेशनला भरती झालेले. त्यांच्या जागी एक नवी पोरगी आली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांना पेन खोचलेलं, पण हात हलका. साहेबाची लघवी तपासायला पाठवली आणि चार दिवसांनी कागद दाखवला.

"मूत्रपिंडात जंतू आहेत काकू. पण एक चांगलंय, कोणतं अँटिबायोटिक चालेल ते नेमकं कळलंय. ह्या गोळीने हे जंतू मरणारच."

"काकू नको, सिस्टर म्हण," मी म्हटलं.

ती हसली. "बरं, सिस्टर. दुसरं काही औषध चालू आहे त्याला?"

आता मी काय उत्तर दिलं ते नीट सांगते, कारण त्यानंतर मी ते मनातल्या मनात हजारदा ऐकलंय. मी म्हटलं, "हृदयाचं नाही, फिटचं नाही, साखरेचं नाही. ॲलर्जी कशाची नाही." फाडफाड म्हटलं, राउंडला डॉक्टरांना सांगायचो तसं. पोटाच्या गुलाबी औषधाचं नाव माझ्या तोंडी आलंच नाही. आमच्या वॉर्डात पोटाचं औषध सरसकट सगळ्यांना असायचं, ते कुणी औषधात धरायचंच नाही. तिने कागदावर टिक केली आणि पुढच्या मांजराला हाक मारली.

घरी आल्यावर मी गोळ्यांच्या डबीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि पेनाने मोठ्ठं लिहिलं: साहेब, आठ-आठ. गुलाबी बाटलीवर तशी पट्टी आधीपासूनच होती. वॉर्डाची सवय. कंपनीचं बारीक अक्षर कोण वाचत बसतं? प्रत्येक बाटलीवर आपली पट्टी, पेशंटचं नाव आणि वेळ. रात्रपाळीची नवीन मुलगी आली तरी चुकायची नाही. माझ्या वॉर्डात औषधाची चूक एकोणीस वर्षांत एकदाही झाली नाही, आणि हे मी निरोपाच्या भाषणातही सांगितलं होतं.

पाच दिवस झाले. ताप हटेना. साहेब पाणी प्यायचा आणि पडून राहायचा.

सहाव्या दिवशी धाकट्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. तिला माझ्याशिवाय कोण? दोन दिवस जायलाच हवं होतं. मी फ्रिजच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं, ह्यांना युक्ती दोनदा करून दाखवली, आणि बजावलं, "आठ म्हणजे आठ. पेपर नंतर."

"हो गं बाई. तुझा वॉर्ड बुडवत नाही मी."

बहिणीच्या घरून फोन केला की हे म्हणायचे, "सगळं झालं." एवढंच. मला शंका आलीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आले. फाटकाची कडी काढते तो काय, साहेब दारातून चालत बाहेर आला. चालत! पाय लटपटत होते, पण शेपूट हलत होतं, आणि पडका कान मागे टाकून तो माझ्या पिशवीत नाक घालायला लागला. मी तिथेच फाटकाशी बसले. त्याचं नाक ओलं आणि गार लागलं हाताला. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

"काल संध्याकाळी अख्खं अंडं खाल्लंन्," हे आतून ओरडले. "आणि आज सकाळी दूधवाल्यावर भुंकला!"

त्या आनंदात मी गप्प राहायला हवं होतं. पण स्वभावाला औषध नाही म्हणतात ते खरंच. मी आत गेले आणि आधी डबीतल्या गोळ्या मोजल्या. आकडा बरोबर होता. मग विचारलं, "वेळेवर दिल्यात ना?"

हे डोकं खाजवायला लागले. "दिल्या. म्हणजे... तुझी ती युक्ती एकट्याला नाही जमली गं. मागून कोण धरणार? मग आठला ते गुलाबी पाजलं, ते पितो तो. आणि गोळी आपली अकरा-साडेअकराला, उकडलेल्या अंड्यात घालून."

"साडेअकराला?"

"पेपर वाचता वाचता राहिली. आणि संध्याकाळची जरा लवकर दिली, पाचला. गुलाबी मग रात्री जेवताना."

काय बोलले नाही मी त्यांना! "दोन दिवस, फक्त दोन दिवस तुमच्यावर सोपवलं, तर सगळा बट्ट्याबोळ! अँटिबायोटिक आहे ते, वर्तमानपत्र नाही, सवडीने घ्यायला! वेळ चुकली की जंतू मुरतात, कळतं का? छत्तीस वर्षं टपाल उशिरा पोचवून पोचवून सवय झालीये तुम्हाला!"

"पण बरा आहे की तो," हे म्हणाले.

"आज बरा दिसतोय. पुढे बघा."

आणि आमचं आठ-आठ पुन्हा सुरू झालं. गुलाबी औषधात घोळवलेली गोळी, एका फटक्यात. ह्यांनी स्वतःहून मोबाइलवर गजर लावला, आठला पाच कमी असताना. गजर झाला की पेपर टाकून उठायचे, चादर पसरायचे, साहेबाला उचलून आणायचे. एकदाही मला हाक मारावी लागली नाही. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, त्यात हा माणूस एवढा वेळेवर कधी वागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबाने अंडं नाकारलं. तिसऱ्या दिवशी ताप. चौथ्या दिवशी तो जागचा उठेना, तोंडाला घाण वास यायला लागला आणि पुन्हा उलट्या. मला तो वास माहीत होता. आमच्या वॉर्डात मूत्रपिंडं थकलेल्या पेशंटच्या तोंडाला यायचा तो.

"सांगितलं होतं ना," मी ह्यांना म्हटलं. "तुमच्या त्या दोन दिवसांनी घात केला."

ह्यांनी साहेबाच्या अंगावर टॉवेल घातला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांचे गुडघे दुखतात, जमिनीवर बसत नाहीत ते कधी.

दवाखान्यात त्या दिवशी गर्दी होती. साहेबाचं रक्त घेतलं आणि आम्हाला थांबायला सांगितलं. हे बाहेर बाकावर साहेबाला मांडीवर घेऊन बसले. तासाभराने पोरीने मला एकटीला आत बोलावलं. तिच्या हातात कागद होता आणि तोंड उतरलेलं.

"सिस्टर, मला कळतच नाहीये. जंतू तेच, गोळी बरोबर, डोस बरोबर. आणि तरी असं वाटतंय की औषध ह्याच्या अंगात पोचतच नाहीये. तुम्ही काय काय देता ते सगळं दाखवा ना मला."

ट्रे मी बरोबर आणलाच होता. मोठ्या दिमाखाने तिच्यापुढे ठेवला. तिने डबी बघितली, ठेवली. मग गुलाबी बाटली उचलली.

"हे काय?"

"ते पोटाचं. मोठ्या डॉक्टरांनीच दिलेलं."

"हे अजून चालू आहे?"

"हो. त्यातच तर घोळवून देते ना गोळी. छान घसरते."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बाटली फिरवली, माझ्या पट्टीचा एक कोपरा नखाने उचलला आणि पट्टी हळूहळू सोडवली. खाली कंपनीची चिठ्ठी होती, तिच्यावर लाल चौकोन, आणि चौकोनात लिहिलेलं होतं की इतर कोणतंही औषध ह्याच्या आधी किंवा नंतर किमान दोन तासांचं अंतर ठेवून द्यावं. नेमक्या त्या चौकोनावर माझी पट्टी होती. साहेब, आठ-आठ.

"हे औषध त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं," ती हळू आवाजात म्हणाली. "बांधूनच टाकतं. गोळी रक्तात जातच नाही, तशीच बाहेर पडते. वेगवेगळ्या वेळी दिलं असतं तर..."

ती थांबली. मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. साडेअकरा, अंडं, पाच वाजता, फाटकाशी ओलं नाक. सगळं एकापाठोपाठ एक माझ्यासमोर आलं आणि मी खुर्चीचा हात धरला. दोन दिवस माझ्या कुत्र्याच्या अंगात औषध गेलं होतं, ते ह्यांनी पेपर वाचता वाचता दिलेलं. माझ्या हातून अकरा दिवसांत एक गोळीसुद्धा गेली नव्हती.

"मी नीट विचारायला हवं होतं," पोरगी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी कार्डावर मागचं पान उलटायला हवं होतं."

"तू विचारलं होतंस," मी म्हटलं.

"आता गोळी बंद. इंजेक्शन देऊ या सरळ शिरेत. सलाइन लावू. पण काकू, मूत्रपिंडं..."

ती काकू म्हणाली आणि मी तिला दुरुस्त केलं नाही.

बाहेर आले तर ह्यांनी बाकावरूनच विचारलं, "काय म्हणाली?"

"गोळी बदलली. इंजेक्शनं द्यायचीत," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. जीभ उचलेना. एकोणीस वर्षं मुख्य सिस्टर होते मी, चुकलेल्या कितीतरी मुलींना सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं, "कबूल करायला काय जातं गं तुझं?" काय जातं ते मला त्या बाकासमोर कळलं.

सलाइन मी घरीच लावलं. साहेबाची शीर पहिल्या फटक्यात सापडली मला. खुंटीला बाटली टांगली, थेंब मोजले, इंजेक्शनं वेळेवर दिली, अंग पुसलं, दर दोन तासांनी कूस बदलली. चौतीस वर्षांत जे जे शिकले ते ते सगळं त्या कुत्र्याच्या अंगावर ओतलं. पण लघवी होईना. होईना म्हणजे होईना. मी त्याच्या पोटावरून हात फिरवायची, खालचं फडकं चाचपायची, कोरडं. आपल्याला सगळं येतं आणि तरी काही म्हणजे काही करता येत नाही, असं मला वॉर्डात कित्येकदा झालं होतं. पण तिथे पेशंट दुसऱ्याचा असायचा आणि पाळी संपली की मी घरी यायची. आता घरीच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेरून गरम पाणी घेऊन आले तर हे साहेबाच्या कानाशी वाकून काहीतरी बोलत होते. माझी चाहूल त्यांना लागली नाही.

"साहेब," हे म्हणत होते, "चूक झाली. माझ्याकडून हलगर्जीपणा झाला. एक वेळ माफी असावी. पुन्हा असं होणार नाही."

ऑफिसात मेमो आला की हे असलंच उत्तर लिहून द्यायचे. मी कितीदा हसले होते त्यावर. तेच शब्द, तोच क्रम. साहेबाने डोळे उघडले नाहीत, पण तो पडका कान जरासा हलला. मी दारात पातेलं धरून उभी राहिले. आत्ता सांग, आत्ता सांग, असं मन ओरडत होतं. पातेल्याचे चटके बसायला लागले तेव्हा मी ते खाली ठेवलं आणि सलाइनचे थेंब मोजायला लागले. अशी मी.

साहेब त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास गेला. फार त्रास नाही झाला. एक लांब श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. मी घड्याळ बघितलं, सवयीने. हे म्हणाले, "गेला का गं?" मी म्हटलं, "हो." शेजाऱ्याच्या मदतीने ह्यांनी मागच्या अंगणात खड्डा खणला. साहेबाची चादर त्याच्याबरोबर गेली, आणि ह्यांनी ते लसींचं कार्डही ठेवलं. "फाइल बंद," म्हणाले. हसायला गेले, पण जमलं नाही त्यांना.



दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते आणि हे टेबलापाशी पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटाच होता की काय कोण जाणे, पान काही उलटत नव्हतं. तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. आठला पाच कमी. गजर बंद करायचा राहून गेला होता. हे पेपर टाकून उठले, दोन पावलं आतल्या खोलीकडे गेलेसुद्धा. मग थांबले. परत येऊन खुर्चीत बसले आणि मोबाइल दोन्ही हातांत धरून त्यावर कुठे दाबायचं ते शोधत राहिले. गजर वाजतच होता. शेवटी मी जाऊन बंद केला.

"माझ्यामुळे गेला तो," हे म्हणाले.

"नाही."

"दोन दिवस गं. फक्त दोनच दिवस होते. तू लिहून दिलं होतंस, चिकटवून दिलं होतंस. आणि मी पेपर वाचत बसलो."

"अहो, तुमच्यामुळे नाही गेला."

"समजूत घालू नकोस. तुला येत नाही ते."

खरंच येत नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं माझी आई म्हणायची, आणि ते ती नेहमी माझ्याकडे बघून म्हणायची. मी गॅस बंद केला. ओट्याच्या टोकाला ट्रे तसाच होता, दवाखान्यातून आल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. त्यातली गुलाबी बाटली उचलली. पट्टी एका टोकाने चिकटलेली आणि बाकी लोंबत होती. फळीवरून ह्यांचा चष्मा काढला. दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं.

"वाचा," मी म्हटलं. "लाल चौकोनातलं."

ह्यांनी चष्मा लावला. टपाल वाचावं तसं वाचलं, आधी वरचं, मग खालचं, मग बाटली फिरवून मागचं. ओठ हलत होते. एकदा वाचून झालं, पुन्हा वाचलं. मग लोंबणारी पट्टी बोटाने सरळ करून तिच्यावरचं माझं अक्षर बघितलं.

"दोन तासांचं अंतर," ते म्हणाले.

"हो."

"आपण एकत्रच द्यायचो."

"मी द्यायची. तुम्ही नाही." मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा कधीच बोलू शकले नसते. "ती गोळी पोटातच अडकायची. रोज. माझ्या हातची एकही नाही लागू पडली त्याला. तुम्ही दोन दिवस दिलीत तेवढीच काय ती पोचली. म्हणून तो फाटकापर्यंत आला होता. तुमच्यामुळे आला होता. आणि मी परत येऊन ते बंद केलं. दवाखान्यातच कळलं मला. तीन दिवस तुम्ही त्याची माफी मागत होतात आणि मी ऐकत होते."

 खिडकीतून अंगणातली ओली माती दिसत होती. मी वाट बघत होते. ओरडा, म्हणत होते मनात. एकदा तरी ओरडा माझ्यावर, एक्केचाळीस वर्षांचं एकदम ओरडा. चूक केलेल्या माणसाला काय म्हणायचं ते मला पाठ आहे, हवं तर मी सांगते, तुम्ही नुसतं म्हणा.

ह्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाटली जवळ ओढली. पट्टीचं सुटलेलं टोक धरलं, त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीने पुसली, आणि पट्टी जिथे होती तिथे, त्या लाल चौकोनावर, परत लावली. डिंक गेलेला होता. एक बाजू दाबली की दुसरी उचलायची. त्यांनी कडेवरून दोनदा नख फिरवलं, तरी कोपरा वर आलाच.

"चहा निवला असेल," ते म्हणाले. "टाक परत."

मी गॅस पेटवला. पाणी उकळेपर्यंत ते तसेच बसून होते, पट्टीच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरून.